बाख दांगचे खुंट : हनोईतले तीन दिवस आणि खाडीवरचा एक

वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून गेल्या वर्षी मी नोकरी सोडली, आणि पहिला मोठा प्रवास बाबांबरोबर करायचा हे तेव्हाच ठरवलं होतं. बाबा सत्याहत्तर वर्षांचे. विजयदुर्गला बंदरावर नोकरी केली, वाघोटनच्या खाडीत उभा जन्म काढला, पण देशाबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. व्हिएतनाम ठरलं ते माझ्या भाच्यामुळे. आठवीत आहे तो. "मावशी, व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वाचून. तिकडे महाराजांचा पुतळापण आहे. फोटो आण." हा फॉरवर्ड आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेलेला असतो. मी त्याला म्हटलं, "त्यांच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जाते, एकेक दालन बघते आणि जे दिसेल ते येऊन सांगते." हे लिहिते आहे ते आधी त्याच्यासाठी.

पहिला दिवस : घाम आलेली लादी

मार्चचा तिसरा आठवडा. मुंबईत घामाच्या धारा आणि हनोईत स्वेटर. आभाळ राखेच्या रंगाचं, पाऊस म्हणावा असा नाही, पण केसांवर, चष्म्यावर बारीक तुषार साचत राहतात. हॉटेलच्या जिन्यात बाबांचा पाय सरकला तेव्हा कळलं की लादी ओली आहे. पाणी कुणी सांडलेलं नव्हतं, लादीलाच घाम आला होता. भिंतीवरून थेंब ओघळत होते. इथे या दिवसांना 'नोम' म्हणतात. समुद्रावरून येणारी दमट हवा गार फरशीला लागली की तिचं पाणी होतं. हॉटेलवाल्या मावशींनी जिन्यात पुठ्ठे अंथरले आणि खुणेनेच सांगितलं, खिडक्या उघडू नका. आपल्याकडे श्रावणात भिंती ओल्या होतात, त्याची ही मार्चमधली बहीण. ज्येष्ठांना घेऊन फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जात असाल, तर रबरी तळव्याचे बूट घ्याच. आणि कपडे वाळतील या भरवशावर राहू नका.

संध्याकाळी जुन्या शहरात 'चा का' खाल्लं. एका गल्लीलाच या पदार्थाचं नाव आहे. टेबलावर शेगडी, तिच्यावर पसरट तवा, त्यात हळद लावलेले माशाचे तुकडे, आणि वर मूठ मूठ शेपू आणि पातीचा कांदा. शेपू! आमच्याकडे मुगाच्या डाळीबरोबर तोंड वाकडं करून खाल्ली जाणारी ती भाजी तेलात क्षणभर परतून माशावर पसरली की काय होते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. खाली तांदळाच्या शेवया, वर भाजलेले शेंगदाणे, आणि शेजारच्या वाटीत जांभळट रंगाची कोलंबीची आंबवलेली चटणी. तिचा वास आला आणि बाबा एकदम सरसावून बसले. सुकटीच्या घरात वाढलेल्या माणसाला तो वास परका नव्हता. शेजारच्या टेबलावरचे दोन युरोपीय पाहुणे वाटी दूर सारत होते आणि बाबा दुसरी मागत होते.

शाकाहारी मंडळींसाठी एक शब्द सांगून ठेवते. इथे शाकाहाराला 'चाय' म्हणतात, आणि हनोईच्या बोलीत चहाला 'चा'. 'चाय' मागितलात तर बिनमांसाचं जेवण पुढे येईल. पाटीवर हा शब्द दिसला की निर्धास्त आत जा, पण बाहेरच्या साध्या भाजीतही माशाचं पाणी असतं, तेव्हा नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. व्हिसा ऑनलाइन मिळतो. रुपयाला सुमारे ३०० डोंग पडतात, त्यामुळे नोटांवरची शून्यं मोजायला पहिल्या दिवशी वेळ लागतो.

दुसरा दिवस : संग्रहालय

सकाळी केळीच्या पानात बांधलेला चिकट भात घेऊन होआन किएम तळ्याकाठी बसलो. धुक्यात तळ्याच्या मधला मनोरा तेवढा दिसत होता. या तळ्याची गोष्ट मी बाबांना सांगितली. पंधराव्या शतकात ले लोई नावाच्या सरदाराने चीनच्या मिंग सत्तेविरुद्ध १४१८ ते १४२७ असा दहा वर्षं लढा दिला. त्याला दैवी तलवार मिळाली होती. जिंकून राजा झाल्यावर तो या तळ्यात नावेतून फिरत असताना सोनेरी कासव वर आलं आणि तलवार परत मागून घेऊन गेलं. तळ्याच्या नावाचा अर्थच 'परत केलेली तलवार'. बाबा म्हणाले, "आपली भवानी देवीने दिली, ह्यांची कासवाने परत नेली." मग थोडा वेळ गप्प बसून, "परत मागितली हे बरं. लढाई संपली ना." मी इतकी वर्षं वर्गात तलवारीची गोष्ट सांगत आले, पण ती परत द्यायची असते हे कधी मनात आलं नव्हतं.

तळ्यापासून ऑपेरा हाउसपर्यंत चालत दहा-बारा मिनिटं, आणि त्याच्या मागेच संग्रहालय. फाटकाजवळ पोचलो आणि आम्ही दोघेही वर बघत उभे राहिलो. काटेसावर! पानं झडलेली, अंगभर लाल फुलं, आणि खाली ओल्या फरसबंदीवर त्याच फुलांचा सडा. हनोईकर या झाडासाठी मार्चमध्ये मुद्दाम येतात. लांब झग्यातल्या मुली फोटो काढून घेत होत्या. आमच्या घरामागच्या कातळसड्यावर शिमग्याच्या सुमारास हीच फुलं पडतात. बाबांनी एक फूल उचलून खिशात ठेवलं.

इमारत पिवळ्या रंगाची, आठकोनी, वर देवळासारखी छपरांची चढती रचना. फ्रेंचांनी १९२६ ते १९३२ या काळात बांधली, वास्तुकार एर्नेस्त एब्रार. पण घडण पुरती फ्रेंच नाही. दुहेरी भिंती आणि भोवती पडवी, म्हणजे ऊन आत येत नाही आणि वारा खेळत राहतो. कोकणातल्या माणसाला पडवीचं महत्त्व सांगावं लागत नाही. त्या काळी हे फ्रेंच संशोधनसंस्थेचं संग्रहालय होतं. १९५८ पासून ते व्हिएतनामच्या इतिहासाचं झालं. २०११ मध्ये रस्त्यापलीकडचं क्रांती संग्रहालय त्यात विलीन झालं. एका तिकिटात दोन्ही बघता येतात. आम्ही ४०,००० डोंग दिले, म्हणजे सव्वाशे-दीडशे रुपये.

पहिल्यांदा थांबलो ते न्गोक लू गावच्या ढोलापुढे. ढोल म्हटला तरी तो ओतीव काशाचा, दोन हजार वर्षांहून जुना, दोंग सोन या इथल्या कांस्ययुगीन संस्कृतीचा. व्यास ७९ सेंटिमीटर, वजन ८६ किलो. मधोमध चौदा किरणांचा तारा आणि त्याभोवती वर्तुळांत वर्तुळं. एका वर्तुळात पक्षी, एकात हरणं, एकात माणसं. काचेला नाक लावून मी त्या माणसांकडे बघत राहिले. पिसांचे तुरे लावलेले लोक वाजवताहेत, नाचताहेत, उंच छपराचं घर आहे, आणि त्यांच्यामध्ये दोन माणसं समोरासमोर उभी राहून एकाच उखळात उंच मुसळांनी भात कांडताहेत. एकाचं मुसळ वर, दुसऱ्याचं खाली. माझी आजी आणि तिची जाऊ अशाच कांडायच्या, ताल चुकला तर मुसळावर मुसळ आपटेल म्हणून तोंडाने 'हं, हं' करत. ज्याने हे कोरलं त्याने तो ताल पाहिलेला होता. राजाचा दरारा दाखवणाऱ्या वस्तूवर भात कांडणाऱ्यांना जागा मिळाली, हे मला फार मोठं वाटलं.

शेजारी काही ढोलांच्या कडेवर चार बेडूक बसलेले आहेत. ते पावसासाठी. व्हिएतनामी म्हण अशी आहे की बेडूक हा आकाशातल्या देवाचा मामा. मामाने दात कराकरा वाजवले की भाच्याला पाऊस पाडावाच लागतो. बाबांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "धोंडी धोंडी." पाऊस लांबला की डोक्यावर कडुलिंबाचा पाला आणि बेडूक घेऊन दारोदार फिरणारी पोरं आपल्याकडे होतीच की.

त्यापुढे झाडाच्या एका बुंध्यातून कोरलेली शवपेटी आहे, व्हिएत खे इथे सापडलेली, पावणेपाच मीटर लांबीची. ती पेटी नसून होडी आहे, हे बाबांनी पाटी वाचायच्या आधी ओळखलं. बुंधा कसा पोखरला, कडा किती जाड ठेवल्या, हे ते मला हाताने दाखवत होते. दालनात बसलेल्या रक्षक बाई आधी सावध होऊन उठल्या, मग बाबा वस्तूला हात लावत नाहीत हे बघून शेजारी येऊन ऐकू लागल्या. भाषा एकमेकांना कळत नव्हती. बाबांनी वल्हं मारायची खूण केली तेव्हा त्या हसल्या आणि त्यांनीही तीच खूण केली.

मग येतो हजार वर्षांचा चिनी अंमल, इसवीसनपूर्व १११ पासून इ. स. ९३८ पर्यंत. त्यात इ. स. ४० मध्ये बंड करून तीन वर्षं राज्य केलेल्या त्रुंग भगिनी येतात. हजार वर्षं दुसऱ्याच्या राज्यात राहून भाषा आणि ओळख टिकवलेल्या या लोकांपुढे मी मनोमन हात जोडले.

आणि मग खुंट.

ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते हेच. माणसाच्या उंचीहून मोठे, काळेकुट्ट पडलेले लाकडी सोट, टोकाशी कुऱ्हाडीचे घाव अजून ओळखू येतात. मागे भिंतभर चित्र: पेटलेली जहाजं, नदीतून वर आलेली टोकं, पाण्यात पडणारी माणसं. ही बाख दांग नदीची लढाई. युक्ती पहिल्यांदा केली न्गो क्वेन या व्हिएतनामी सेनापतीने, चिनी आरमाराविरुद्ध, ९३८ मध्ये. नदीच्या मुखाशी टोकदार खुंट ठोकायचे, भरतीच्या वेळी छोट्या होड्या पाठवून शत्रूच्या जहाजांना डिवचून आत ओढायचं, आणि पाणी उतरू लागलं की उलटून हल्ला करायचा. माघारी फिरणारी जड जहाजं खुंटांवर चढतात आणि अडकतात. त्या एका लढाईने हजार वर्षांचा अंमल संपला.

साडेतीनशे वर्षांनी तीच नदी आणि तीच युक्ती. या वेळी समोर कुब्लाई खानाचं सैन्य. मंगोल तीनदा चालून आले, १२५८, १२८५ आणि १२८७-८८ मध्ये. तीनही वेळा त्यांच्या हाती राजधानी लागली ती रिकामी. लोक धान्य घेऊन किंवा लपवून निघून गेलेले. तिसऱ्या स्वारीत त्यांची रसद घेऊन येणारी जहाजं व्हान दोनच्या किनाऱ्याजवळ बुडवली गेली आणि उपाशी फौजेला परत फिरावं लागलं. व्हिएतनामी सेनापती त्रान हुंग दाओने मंगोलांचं आरमार परतताना कुठून जाणार हे ओळखून बाख दांगमध्ये आधीच खुंट ठोकून ठेवले होते. ९ एप्रिल १२८८. मंगोल आरमाराचा सेनानी ओमार जिवंत पकडला गेला.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्या सोटांकडे बघत म्हणाले, "ह्यो सगळो सुकतीचो खेळ गो." ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात.

मला आमचा विजयदुर्ग आठवत होता. किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्रात पाण्याखाली भिंत आहे आणि तिच्यावर आपटून शत्रूची गलबतं फुटत, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बाबांनी मला ती जागा किती तरी वेळा होडीतून दाखवली आहे.

इतक्यात बारा वाजले आणि दिवे मालवू लागले. संग्रहालय दुपारी बारा ते दीड बंद असतं. मी वेळापत्रक बघितलं होतं, पण ढोलांपाशीच दोन तास गेले. तुम्ही आठला दार उघडताच जा, म्हणजे अर्धं तरी सलग होईल. हनोईतली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेही बघून ठेवा. आम्ही समोरच्या फुटपाथवर लाल प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसून कोंबडीचं फो, म्हणजे तांदळाच्या शेवयांचं सूप, खाल्लं आणि दीडला पुन्हा आत शिरलो.

दुपारी चांपाच्या मूर्तींपाशी पोचलो आणि आपलं घर लागलं असं वाटलं. मध्य आणि दक्षिण व्हिएतनाममध्ये चाम लोकांचं हे राज्य हजारावर वर्षं होतं. त्यांच्या शिलाशिल्पांत शिव आहे, गणपती आहे, गरुड आहे, पण चेहरे तिथले: रुंद जिवणी, जाड ओठ, नाक पसरट. देव ज्या गावात जातो त्या गावचा होतो. मला बघायचा होता तो वो कान्हचा शिलालेख. न्हा त्रांगजवळ सापडलेली ही उंच शिळा, आग्नेय आशियातल्या सर्वांत जुन्या संस्कृत लेखांपैकी एक. काही अभ्यासक तिला दुसऱ्या शतकातली मानतात, काही चौथ्या. अक्षरं दक्षिणी ब्राह्मीच्या वळणाची, बरीच झिजलेली, मला एकही लागत नव्हतं. घरून अभ्यासकांचं वाचन उतरवून नेलं होतं. त्यात 'श्रीमारराजकुल' आहे, आणि पुढे 'लोकस्यास्य गतागति'. या लोकाचं जाणंयेणं. मी ते मोठ्याने वाचलं. कुण्या राजाने आपलं धन आप्तांच्या स्वाधीन केल्याची ही नोंद, समुद्रापलीकडे, आपल्याला अर्धा तरी कळेल अशा भाषेत.

बाहेर पडण्याआधी माहिती देणाऱ्या एका तरुण मुलीला गाठलं. इंग्रजी छान बोलत होती. भाच्याचा प्रश्न तिला सरळ विचारला, की तुमच्या कोणत्या दालनात किंवा पाठ्यपुस्तकात शिवाजी महाराजांचा उल्लेख आहे का? तिने नाव दोनदा विचारून घेतलं. तिच्या ऐकण्यात ते नव्हतं. दोन्ही इमारतींत मला तो कुठेही दिसला नाही, हेही इथेच सांगून टाकते. मग मी तिला महाराजांबद्दल सांगितलं: डोंगरातले किल्ले, थोड्या फौजेने मोठ्या फौजेला थकवणं, किनाऱ्यावर उभं केलेलं आरमार. ती मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे ते तुमचे त्रान हुंग दाओ." लोक त्रान हुंग दाओला संत मानतात, त्याच्या देवळात नवस बोलतात. म्हातारपणी राजाने त्याला राज्य राखायचा उपाय विचारला, तेव्हा त्याने रयतेवरचा भार हलका ठेवा, लोकांच्या अंगात बळ राहू द्या, असं सांगितल्याची नोंद आहे. हे तिने सांगितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आपल्याला महाराजांचं मोठेपण सांगायला दुसऱ्या देशाच्या तोंडी खोटं वाक्य घालायची काय गरज? खरं सांगितलं तर ते लोक वही काढून नाव लिहून घेतात. तिने घेतलं. देवनागरीत कसं लिहितात तेही माझ्याकडून काढून घेतलं.

तिसरा दिवस : कासवांच्या पाठीवरची नावं

दिवसभर झिमझिम. रस्त्यापलीकडच्या इमारतीत फ्रेंचांविरुद्धचा आणि अमेरिकेविरुद्धचा काळ आहे. पत्रकं, गुप्त छापखान्याची सामग्री, तुरुंगातल्या वस्तू. ते बघायला दोन तास पुरले. फोटोंखालची इंग्रजी माहिती त्रोटक आहे, आधी थोडं वाचून गेलात तर हाती काही लागेल.

दुपारी साहित्य मंदिरात गेलो. १०७० मध्ये बांधलेलं हे कन्फ्यूशियसचं मंदिर पुढे राज्याचं विद्यापीठ झालं. अंगणात दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा उभ्या आहेत आणि प्रत्येकीवर परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावं आणि गावं. लढाई जिंकणाऱ्यांच्या बरोबरीने परीक्षा देणाऱ्यांची नावं दगडात कोरणारा देश शिक्षकाला आवडणारच. कासवांच्या डोक्याला हात लावायची विद्यार्थ्यांची पूर्वीची पद्धत आता बंद केली आहे, कठडे लावलेत. डोकी झिजून गुळगुळीत झालेली दिसतात.

बाबांना मात्र दुसरंच काही हवं होतं. रात्री जेवताना म्हणाले, "ती नदी किती लांब आहे?" आमचं हा लाँग उपसागराचं ठरलेलं होतंच. नकाशा काढला, तर बाख दांग त्याच वाटेवर.

चौथा दिवस : खाडी

हा लाँगला जाणाऱ्या प्रवाशांच्या गाड्या हायफाँगपुढचा नवा बाख दांग पूल भरधाव ओलांडून जातात. आम्ही पलीकडे उतरून क्वांग येनकडे वळलो. तुम्हीही हे करा असं मनापासून सांगते. चालकाला आदल्या रात्री ठिकाण नकाशावर दाखवून ठेवा आणि अर्धा दिवस हाताशी ठेवा.

येन ज्यांगला खुंटांची जागा आहे. १९५३ मध्ये इथल्या लोकांना चिखल खणताना ते सापडले. आता तिथे एक कुंपण घातलेलं तळं आहे आणि त्यात थोडी काळी टोकं. बघायला मोठं असं काही नाही. लाकूड हवेत आलं की नासतं, म्हणून बहुतेक खुंट चिखलात आणि पाण्यातच राहू दिले आहेत. बाबांना ते पटलं. जुनी होडी राखायची तर तिला पाण्यातच ठेवतात, उन्हात ओढली की फाटते. नदीपलीकडे हायफाँगच्या बाजूला काव क्वीच्या शेतात २०१९ मध्ये आणखी खुंट निघाले. म्हणजे ही लढाई अजून पूर्ण खणून झालेली नाही.

जवळच त्रान हुंग दाओचं देऊळ आहे, लोहकाष्ठाचे दोन प्रचंड जुने वृक्ष आहेत, आणि देवळाला लागूनच दुसरं लहान देऊळ. ते 'वुआ बा'चं, राणीबाईचं. मी विचारलं, ही कोणत्या राजाची राणी? आमच्या चालकाने फोनवर भाषांतर लावून सांगितलं: कोणत्याच नाही. ती या धक्क्यावर चहापाणी विकणारी म्हातारी बाई होती. त्रान हुंग दाओ लढाईआधी वेश पालटून नदी बघायला आला, तिच्याकडे चहा प्यायला बसला आणि त्याने तिला पाण्याबद्दल विचारलं. भरती किती वाजता येते, उतरते कधी, गाळ कुठे, खोल पाणी कुठे, हे तिने त्याला सांगितलं. जिंकल्यावर तो तिला शोधत आला तेव्हा ती सापडली नाही. राजाने तिला हा किताब दिला आणि लोकांनी देऊळ बांधलं.

ही लोककथा आहे, मला ठाऊक आहे. हनोईच्या दालनात ती दिसली नाही. पण इथे सेनापतीच्या देवळाशेजारी, त्याच अंगणात, उदबत्तीच्या त्याच धुरात ती बसली आहे. तिच्यापुढे कुणी पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटाचे पुडे ठेवले होते. मी संत्री ठेवली. बाबांनी शर्टाच्या खिशातून काटेसावरीचं फूल काढलं, दोन दिवसांत काळं पडलेलं, आणि तेच ठेवलं.

मग आम्ही नदीवर गेलो. चिखलाची बांधावळ, कांदळवन, जाळ्यांसाठी रोवलेल्या काठ्या, तीच दमट हवा. एका टपरीवर बर्फ घातलेला चहा मिळाला. बाबा बांधावर बसले आणि बोटं मोजू लागले. आमच्याकडे भरतीची वेळ काढायची सोपी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. रंगपंचमी आदल्या दिवशी झालेली, म्हणजे आज वद्य षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. "साडेचारला पुरी भरती," बाबांनी सांगितलं. घड्याळात पावणेचार झाले होते. आम्ही थांबलो.

चार वाजले, साडेचार वाजले. पाणी चढण्याऐवजी कांदळाच्या मुळ्या उघड्या पडलेल्या, काठाला कमरेएवढा चिखल, त्यात निवट्या उड्या मारताहेत. बाबा अस्वस्थ झाले. साठ वर्षं जो हिशोब कधी चुकला नाही तो इथे लागेना. त्यांनी टपरीवरच्या बाईकडे बघून पाण्याची खूण केली, हात वर, हात खाली, आणि मनगटावर बोट ठेवलं. तिने विचार न करता आकाशाकडे हात केला, दोन्ही तळवे गालाला लावून झोपेची खूण केली. रात्री. मग एक बोट दाखवलं. चालकाने फोनवरून सांगितलं: इथे दिवसातून एकदाच भरती येते आणि एकदाच ओहोटी.

ही नदी मिळते त्या टोंकिनच्या आखातात असंच असतं, हे मी नंतर वाचलं. आपल्याकडे सव्वासहा तासांनी पाणी फिरतं, इथे बारा तास चढत राहतं आणि बारा तास उतरत राहतं. उधाणही आपल्यासारखं पौर्णिमा-अमावास्येला बांधलेलं नाही, चंद्र विषुववृत्तापासून किती उत्तरेला-दक्षिणेला आहे त्यावर ठरतं. बाहेरून आलेला कितीही जाणता दर्यावर्दी इथे आपला हिशोब लावू गेला तर फसणार.

बाबा किती तरी वेळ नदीकडे बघत होते. सहा नव्हे, बारा तास उतरणारं पाणी. एकदा खुंटावर चढलेलं गलबत रात्रीपर्यंत सुटणार नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"म्हणान तेका म्हातारेक इचारूचा लागला गो."

टपरीवाल्या बाईने काय म्हणाले म्हणून चालकाकडे बघितलं. त्याला मालवणी कुठून कळणार, आणि फोनलाही नाही. मग मीच सांगितलं, आधी इंग्रजीत, त्याने ते व्हिएतनामीत. ती ऐकत होती. तिने बाबांच्या ग्लासात आणखी चहा ओतला आणि पैसे घेतले नाहीत.